दुरुस्त्या

डिसेंबर. तीन वाजताच खिडकी काळवंडते.
उर्वेचा फोन: वर्षअखेरचं टिपण हवंय,
नेहमीपेक्षा थोडं मोठं, आणि रडकं नको.
मी वह्या काढतो. चार.
एक अजून फुगलेली, एप्रिलचं पाणी प्यायलेली.

आमच्या सोमात ऋतू पाच.
पाचवा नुसत्या पाण्याचा.
हालिस्ते नदी उठून शेतात येते,
रस्ता कुठे होता ते टपालपेट्यांवरून कळतं.
एंडेलच्या होडीतून, एकाच खोडातून कोरलेल्या,
आम्ही सफरचंदाच्या झाडांमधून वल्हवत गेलो.
लाकडांच्या ढिगावर एक ससा, बेटावरचा एकटा रहिवासी.
एंडेलने त्याला जॅकेटात गुंडाळला,
मी लिहायला वाकलो, आणि वही पाण्यात.
ससा वाचला.
ते पान मात्र वाचता येत नाही.

मे महिन्यात मी लिहिलं:
पहाटे दलदलीवर पाणलावा गात होती.
चौथ्या दिवशी पोस्टकार्ड, रीसा गावाहून,
बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:
गात नव्हती. शेपटीची पिसं वाऱ्यात थरथरतात.
आम्ही त्याला आकाशातला बोकड म्हणतो,
तुमच्या तार्तूत काय म्हणतात कोण जाणे.
खाली सही: लेइदा.

जुलै: क्लाउडबेरी लाल असते तेव्हा कच्ची,
पिवळी झाली की पिकली. तुम्ही उलटं छापलंत,
आता शहरातली माणसं येऊन कच्च्याच तोडतील.
सप्टेंबर: क्रौंच दोनशे नव्हते.
मी त्याच बांधावर बसले होते. एकशे चाळीस.

त्याच बांधावर!
मी किती वेळा आठवून पाहिलं:
धुकं, गवताची गंजी, दूर एक सायकल टेकवलेली.
माणूस दिसलं नव्हतं.

ऑक्टोबरात मी कमरेपर्यंत रुतलो.
एंडेल आधी पोटभर हसला, मग काठी पुढे केली.
छापताना मी 'गुडघ्यापर्यंत' केलं.
त्यावर काही आलं नाही. तिला कळणार कसं?

वर्षभरात अकरा पत्रं.
टिपणं बावन्न, पण पत्रंच मी सुतळीने बांधून ठेवलीत.

मग नोव्हेंबरात, पहिल्या बर्फावर,
पुलाजवळ पावलांची रांग दिसली.
एंडेलची कुत्री. मला पक्कं ठाऊक होतं,
नखं, चाल, वाटेत तिने केलेला वेडेपणा.
मी लिहिलं: लांडगा.
आणि वाट पाहिली.

एक आठवडा. दोन. आता पाच.
रीसाला जाणारा रस्ता चालू आहे,
बस मंगळवारी आणि शुक्रवारी.
चौकशी करता येईल. एंडेल म्हणतो, जा की.
मी म्हणतो, जाऊ, बर्फ जरा बसू दे.

उर्वे, हे घे टिपण.
रडकं नाही. शब्द मोजलेले नाहीत.
यात कुठेतरी एक चूक आहे, ती काढू नकोस.
रोज सकाळी मी टपालपेटीच्या झाकणावरचं बर्फ
हाताने झाडून ठेवतो.