गाडी नेण्याआधी

चावी देते, मिठबावकर, पण जरा टेका.
समोर चहा सांगितलाय.
तुमच्या बॉनेटखालून काय निघालं ते बघून जा:
नारळाची शेंडी, वाळकं गवत,
अर्धं कुरतडलेलं काजूचं बोंड
आणि पाच पिल्लं, डोळेसुद्धा न उघडलेली.
घरट्यासकट मागच्या गडग्यावर ठेवलीत.
आई येईल, नाहीतर मांजर.

दिवाळीपासून गाडी माडाखाली उभी होती म्हणता.
उभ्या गाडीत कोणीतरी बिऱ्हाड करतंच.
वायरीचं कवच खाल्लेलं,
आतलं तांबं खाऱ्या वाऱ्याने हिरवं पडलेलं,
त्यावर सगळं ते गवत, अंथरल्यासारखं.
बाबा म्हणायचे, उंदराक काय ठावक
पॉझिटिव्ह कुठला नि निगेटिव्ह कुठला.

पण उंदराचं सोडा.
तुमच्या मेव्हण्याने बसवलेला तो हॉर्न,
विजयदुर्गात वाजवला तर इथे जामसंड्यात ऐकू यावा असा,
थेट बॅटरीवरून घेतलाय, मध्ये फ्यूज नाही.
जोडाला काय गुंडाळलंय माहितीय?
जखमेवर लावायची पट्टी.
हसू नका. मी हसले नव्हते.
मी फ्यूज घातलाय, दहाचा.
उडाला तर दहाचाच घाला,
तिसाचा नको, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नकोच.
उडणं हेच त्याचं काम.
दुसऱ्यांदा उडाला तर गाडी इकडे आणा.

पाटीवरचे बाबी घाडी, माझे बाबा,
भुवया नव्हत्या त्यांना, आठवतं?
लोकांना वाटायचं जन्मापासूनच तसे.
असाच फाल्गुन होता. पडेलच्या पुढे सड्यावर
कोणीतरी फोन आला म्हणून गाडी खाली उतरवली,
गुडघाभर सुकलेल्या गवतात.
सायलेन्सर तव्यासारखा तापलेला.
मागे आंब्याच्या पेट्या, पेट्यांत पेंढा,
पेंढ्याला टेकून झोपलेला एक मुलगा, बेल्ट लावून.
बाबा मागून येत होते. धावले
आणि आयुष्यात एकदाच चुकले:
धूर बघून बॉनेट पूर्ण वर केलं.
वारा समुद्रावरून होता.
त्याला एवढंच हवं होतं.

मुलाच्या बेल्टची कडी निघेना.
पेट्यांवर कोयती होती म्हणून बेल्ट कापला.
नसती तर, हे वाक्य बाबांनी कधी पुरं केलं नाही.
त्यानंतर ते गाड्या नाकाने तपासायचे.
संध्याकाळी शेडमध्ये प्रत्येक गाडीपाशी वाकून
वास घ्यायचे, पेट्रोलचा, जळक्या प्लास्टिकचा,
माणसं पिकलेला फणस हुंगतात तसे.

तर हा सिलिंडर. तुमच्या डिकीत होता,
स्टेपनीखाली, दोन चटया आणि तांदळाच्या गोणीखाली.
म्हणजे आग आपल्या वाडीत आणि विहीर पलीकडच्या.
आता ड्रायव्हर सीटखाली बांधलाय.
काटा हिरव्यात हवा.
पावडर तळाला बसते, दर संकष्टीला
एकदा उलटा करून हलवा,
वहिनींना सांगा, त्या विसरणार नाहीत.
दाराच्या खिशात छोटी कोयती ठेवलीय.
तिचे पैसे घेत नाही मी, कोणाकडूनच.

उद्या पालखीला सगळे सड्यावर गवतात गाड्या लावतील.
तुम्ही कातळावर लावा, चाललात तर चाललात.
आणि धूर दिसला तर
इंजिन बंद, माणसं बाहेर,
बॉनेटला हात नाही.
शंभर पावलं लांब जाऊन मग फोन.
पेट्या राहू देत. पैठणीची बॅग राहू दे.
सिलिंडर फक्त नुकत्याच लागलेल्या आगीसाठी,
तोही पाठ मोकळ्या वाटेकडे ठेवून.

सहाशे ऐंशी झाले.
हॉर्न पिशवीत घातलाय, मेव्हण्यांना द्या.

थांबा, हळू बोला.
गडग्यावर बघा, मघाशी पाच होती ना?
दोनच उरलीत.
आलीय ती. एकेकाला मानेला धरून नेतेय,
घरट्याकडे वळूनसुद्धा बघत नाही.