अकरा फ्रेम

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या रसवंतीत
दोन माहितीपत्रकं घेऊन बसलो होतो,
मी आणि अण्णा.
एकावर काचेची इमारत, नवे कॅमेरे, नोकरीची हमी.
दुसरं झेरॉक्स, तेही तिरकं आलेलं.
अण्णा बार्शीत टायर रिमोल्ड करतात.
दोन्ही कागद अंगठ्यानं चोळून त्यांनी विचारलं,
"ह्यातलं आधी झिजणार कोणतं?"

मी तिरकं निवडलं.
का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पहिल्या आठवड्यात देवस्थळी बाईंनी कॅमेरा दिलाच नाही.
म्हणाल्या, डेक्कनच्या बसथांब्यावर तीन तास बसा,
ऊन कुठून कुठं सरकतं ते लिहून आणा.
मी चार पानं लिहिली.
साडेचारला ते एका बाईच्या पिशवीतल्या मेथीवर होतं.
बाईंनी मेथीखाली रेघ मारली,
बाकी सगळं खोडलं.

कर्ज अजून फिटतंय.
धनकवडीत लग्नांचे व्हिडिओ कापते आता,
ड्रोन, हळद, गाणी, फटाफट.
परवा एका पाठवणीत
गाडीचं दार लागल्यावरही नवरीच्या बापाचा हात
काचेवर तसाच राहिला होता.
मालक म्हणाला, इथं कट.
मी अकरा फ्रेम पुढे गेले.
अर्धा सेकंदही नाही.
कुणी काही बोललं नाही, पैसे तेवढेच मिळाले.

तो तुकडा अण्णांना पाठवला.
रात्री त्यांचा फोन आला,
मागे कॉम्प्रेसर धडधडत होता.
"तिथं जरा थांबलीस," म्हणाले,
आणि मग ट्यूबचे भाव सांगत बसले.