भुरी

रामकुंडावर एकोणतीस वर्षं मी डोकी वाचतोय.
तोंड नंतर बघतो.
टाळूवर काय काय असतं:
टाक्यांची रेघ, लहानपणी पडून झालेली खोक,
चामखीळ, जिच्यापाशी वस्तरा आपोआप हळू होतो.
नाव पुसत नाही. बाप की आई, एवढंच पुसतो,
आणि पाणी मारतो.

त्या दिवशी दिंडोरीकडची माणसं होती. दहावा.
निवृत्ती नावाच्या माणसाचं झालं,
त्याचं पोरगं प्रज्योत टोपी काढेना.
टोपी म्हाताऱ्याची, कानांवर उतरलेली,
काठाला घामाची तपकिरी कड.
आत्या म्हणाली, आजा पडल्यापासून
झोपतोसुद्धा टोपी घालून.

मीच काढली. म्हणजे, त्याला विचारून काढली.
मागच्या बाजूला रुपयाएवढं गोल.
आत केस नव्हते, खुंट होते,
बाजरी सोंगल्यावर रान दिसतं तसे,
कडेला पांढरा कोंडा.
"चाई आहे," आत्या म्हणाली, "लसूण चोळा."
चाईची कातडी गुळगुळीत असते, बाई.
ही खरखरीत आहे. हात लावून बघा.
हात कुणी लावला नाही.

वस्तरा मी खाली ठेवला.
घाटावर वस्तरा खाली ठेवणं म्हणजे काय,
ते घाटावर बसणाऱ्यालाच कळतं.
गुरुजी घड्याळ बघतात. मागे चार डोकी थांबलेली.
पातं मी दर डोक्याला बदलतो, ते सगळे बघतात;
पण ब्रश तोच, वाटी तीच, फडकं तेच,
ते कुणी बघत नाही.
मी बघतो.

सांगावं कसं?
गजकर्ण म्हटलं की माणसं अंग चोरतात,
जणू पोरानंच काही चोरलंय.
बुरशी म्हटलं तर शिळी भाकर आठवते.
मग बापाच्या हातांकडे लक्ष गेलं. बोटांच्या चिरांत
मोरचुदाचा निळा, सुतकातही न गेलेला.
म्हणालो, "दादा, भुरी आहे."

त्याचा चेहरा सैल झाला.
भुरी त्याला माहीत होती. घडावर बसते,
मण्यावर कुणी राख फुंकल्यासारखी,
त्यात वेलीचा गुन्हा नसतो.
"किती फवारे?"
"फवारा नाही, गोळ्या. मलम मुळापर्यंत पोचत नाही.
सिव्हिलला जा, कातडीच्या डॉक्टरांकडे.
सहा-आठ आठवडे सांगतील, जेवणावर.
खाज थांबली म्हणून गोळी थांबवू नका."
"अर्ध्यावर सोडलं की दुप्पट येते," तो म्हणाला.
"तिला कळतं, आपण थकलोय."

हे म्हणताना तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता.
पिवळं, जाड, टोकाशी चुन्यासारखं भुगा होणारं नख,
जे फडक्याआड धरून मी अठरा वर्षं डोकी केली.
मीही गोळ्या घेतल्या होत्या. दोन महिने.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हात कोरडे ठेवा,
आणि गोदावरीच्या पायरीवर बसून
मला हसू आवरेना.
तो काही बोलला नाही. पाहुण्याच्या बागेत रोग दिसला
तर बोलत नाहीत, तसा.

पोराची एक बट कात्रीनं घेतली, गुरुजींना चालली.
कात्री उकळायला वेगळी टाकली.
टोपीचं राहिलं होतं.
तीही उकळावी लागेल, गरम पाण्यात, साबण लावून,
तिच्यातलं सगळं जाईपर्यंत.
पोरगं ती दोन्ही हातांनी धरून
आत नाक खुपसून बसलं होतं.

मी पुढच्या डोक्याला पाणी मारलं.
मग उठलो, आणि बापाला बाजूला नेलं.