उंडनी

विडी घरकुलातल्या दोन खोल्या रिकाम्या करायला
दोन दिवसांची रजा टाकली होती.
चार लागले.

पोटमाळ्यावरून आधी उतरले आहेराचे टॉवेल,
घडीसुद्धा न मोडलेले,
मग झाकणांविना डबे, डब्यांविना झाकणं,
तीन जळक्या मिक्सरांची भांडी,
आईचं सूप, पानं कापायचा पत्रा, कात्री.
कात्रीच्या कडीत माझा अंगठा अजून नीट बसतो.

हे कशाला ठेवलंयस, विचारलं की आई म्हणायची,
"उंडनी."
आमच्या तेलुगूत असू दे म्हणायला एवढंच पुरतं.
त्या शब्दावर तिनं चाळीस वर्षं माळा भरला
आणि बंद पडलेल्या मिलचा थकलेला पगारही
त्यातच कुठेतरी ठेवला,
येईल म्हणून.

चौथ्या दिवशी इरेशा आला, तीनचाकी घेऊन.
बारा वाजले होते, पत्रा तडतडत होता.
लोखंड वेगळं, प्लास्टिक वेगळं.
नानांच्या खाटेखालून मी गठ्ठे ओढले,
दोरीत ओवलेले पुठ्ठे, नुसती भोकंच भोकं.
"ही रद्दीत धरा."

त्यानं काटा खाली ठेवला.
एक पुठ्ठा उन्हाकडे धरून
भोकांवरून अंगठा फिरवला, सावकाश.
"जॅकार्डचे हायत ताई. मोर हाय चादरीचा.
मी जॉबर होतो ओ, पंधरा वर्षं.
ही बघा, हितनं मान वळवतोय."
बोट पुढं गेलं, थांबलं.
"हितं एक भोक बुजवलंय तुमच्या नानांनी.
डोळ्याचं.
चुकून का मुद्दाम, काय की."

आमच्याकडे मोराची चादर कधी नव्हती.
लॉटमधली डागाळलेली यायची, पट्ट्यापट्ट्यांची,
तिच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नाना,
मधे भाऊ लाथा झाडत.
मोराबद्दल नाना काही बोलल्याचं आठवत नाही.
तसे ते कशाबद्दलच फार बोलले नाहीत.

"घेऊ?"
शब्द ओठांवर आला होता, आईचा.
गिळला. म्हटलं, घ्या.

एकोणीस किलो भरले.
पैसे मोजून दिल्यावर त्यानं कात्री मागितली,
दोरी कापली,
तो एक पुठ्ठा काढून
सीटखालच्या फडक्यात गुंडाळला,
माझ्याकडे न बघता.

कात्री परत केली, कडी माझ्याकडे करून.

उंडनी, मी म्हटलं.
त्याला तेलुगू येत नसावं.
पायडल मारत तो गल्लीच्या तोंडाशी गेला,
आणि मी तशीच उभी,
अंगठा कडीत.