आडवा न येता

चोरलच्या पुलाला वळसा घालून परतताना
घाटाच्या तिसऱ्या वळणावर
पुष्कर झोकरकर निसटला.
ओरडला नाही, मागे वळून बघितलं नाही,
फक्त त्याच्या चेनचा आवाज एक दाता जड झाला
आणि मला कळलं,
माझी शर्यत संपली, काम सुरू झालं.

काम म्हणजे काही न करणं.
आईला हे पाच वर्षं समजावतोय.
"सगळ्यांच्या पुढे होतास म्हणे,
मग जिंकला का नाहीस?"

माथ्यावर आलो तेव्हा मागे तेवीस जण,
वारा माझ्या छातीवर
आणि पाय जरा आखडते.
इतकेच, की वेग पडला हे कळू नये,
कळलं तरी सिद्ध होऊ नये.
अडतीस, मग छत्तीस,
मग छत्तिसाच्या जरा खाली;
दूध चढायला लागलं की
बोलता बोलता गॅस बारीक करावा, तसं.

देवासचा इम्रान मागून:
"खींच ना भिया, बारात में आया है क्या?"
मी पाण्याची बाटली काढली.
बूच दातांनी उघडायला
माणसाला किती वेळ लागू शकतो
याला नियमपुस्तकात मर्यादा नाही.

महूच्या फौजी संघाचे दोघे बाजूने सुटले.
मी त्यांच्या चाकामागे.
ते ओढतात, मी बसतो.
एकाने कोपर हलवलं : तुझी पाळी.
पुढे आलो. पुन्हा गॅस बारीक.
शिव्या हिंदीत पडल्या, मराठीत पडल्या,
एक बहुतेक मल्याळममध्ये.

नियम तसा सोपा आहे.
रस्ता सगळ्यांचा, रेघ ज्याची त्याची.
जाणाऱ्याला जाऊ द्यायचं,
आडवं यायचं नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही.
पण कुणासाठी वारा कापायचा
हे माझं मी ठरवणार.
पुष्करचे सव्वा मिनिट
मी असे, पैशा-पैशाने साठवत होतो.

रेगे मॅडम पंचांच्या मोटरसायकलवर
उलट्या तोंडाने बसलेल्या,
शिट्टी ओठांत, नजर माझ्या पुढच्या चाकावर.

सिमरोल आलं.
उजवीकडे खडीचे ढीग,
ढीग आणि मी, यांच्यात एक फट,
आणि फटीत निळं हेल्मेट.
खरगोनचा पोरगा, पहिलीच शर्यत.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की आज सगळे थांबलेत.
तो नुसता जोरात चालवत होता.

माझं चाक वीतभर उजवीकडे गेलं.

पोरगा पडला नाही.
एक पाय सुटला, खडीत घासला,
ब्रेकचा एक लांब आवाज झाला
आणि फट मिटली.

शेवटच्या रेषेपलीकडे, तेजाजी नगरच्या चौकात,
रेगे मॅडमनी हेल्मेट काढून विचारलं,
"रेघ सोडलीस?"
"खड्डा होता," म्हणालो.
खड्डा होता.
वीस मीटर पुढे होता.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं,
माझ्या तोंडाकडे न बघता.

पुष्कर अकरा सेकंदांनी पहिला.
मी घोळक्यात सर्वांत शेवटी ढकलला गेलो
आणि तीनशे रुपये दंड.
"मी भरतो," पुष्कर म्हणाला,
गळ्यातलं पदक खेळवत.
मी भरू दिले नाहीत.
का, ते त्याने विचारलं नाही;
इतकी वर्षं एका संघात आहोत.

पोह्यांच्या गाडीवर
पोरगा शेजारी येऊन उभा राहिला.
पोटरीवर खडीचे लाल ठिपके,
बोटांना जिरावण.
मला वाटलं आता भांडेल.
"भैया," म्हणाला,
"वो बॉटल वाला कैसे करते हैं?"

मी बाटली काढली.
बूच दातांत कसं धरायचं, मान कशी खाली,
पाय कसे फिरतच ठेवायचे आणि दाब तेवढा काढायचा,
सगळं दाखवलं.
तो मान डोलावत होता,
अधूनमधून बघत होता
हँडलवरच्या माझ्या उजव्या हाताकडे.