पी. पी. नंबर

चाळीसगाव, रात्रीचे पावणेतीन.
गच्चीवरच्या खोलीचा पत्रा अजून दुपारीच आहे.
चाळीस मिनिटं कंपाइल होत आलेला कर्नल
शेवटच्या पायरीवर, लिंकिंगला, बसकण मारतो:
अमुक फंक्शनचा पत्ता लागत नाही.

काल माझ्याकडे लागत होता.
माझ्या मशीनवर बॅटरीचा पर्याय चालू.
पण कुठल्याशा यंत्रानं फासे टाकावे तसे पर्याय टाकले,
आवाज हो, पडदा नाही, नेटवर्क हो, बॅटरी नाही,
आणि असला कॉम्प्युटर बांधायला काढला
जो पृथ्वीवर कुणी विकत घेणार नाही.
मग बॅटरी चालू करा की, मी भिंतीवर ओरडलो.

आमच्या गल्लीत एकच फोन होता, हिरकणबाईंचा.
आठ घरांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर, पुढे पी. पी.
वाजला की त्या पदराला हात पुसत उचलायच्या.
माणूस असला तर खिडकीतून हाक,
नसला तर एवढंच:
‘तो घर नई शे. धुयाले गया.’
पलीकडचा चिडायचा नाही.
त्याला उत्तर मिळालेलं असायचं.

एका उन्हाळ्यात त्या लेकीकडे नंदुरबारला गेल्या.
कुलपाआड फोन वाजत राहिला, सगळ्या गल्लीनं ऐकला.
कुणासाठी होता, अजून ठाऊक नाही.

हेडर फाइल उघडतो.
पर्याय असेल तर खऱ्या फंक्शनचं नाव,
नसेल तर त्याच नावाचं एक रिकामं:
कंस उघडायचा, काहीतरी परत द्यायचं, कंस मिटायचा.
काय परत द्यायचं? चूक की शून्य?
बराच वेळ बोट तसंच.
नसणं हा काही गुन्हा नाही.
शून्य.

तरी एकदा फुटलंच.
कारण पर्यायाला उत्तरं तीन: हो, नाही, आणि येतोय.
मॉड्यूल म्हणजे येतोय.
येतोय म्हणणाऱ्याला दार उघडण्याआधी हाक मारून काय उपयोग?
त्यालाही ‘नाही’त धरला.

धुळ्याची पॅसेंजर शिट्टी देते.
तिन्ही बांधणी बिनबोभाट पार पडल्या,
इतक्या मुकाट की मी दोनदा तपासलं.
दुरुस्तीच्या टिपणात एकच ओळ:
बॅटरी नसतानाही बांधता यावं.

खालून माय नावानं हाक मारते,
झोपला का रे?
मी उशीत तोंड खुपसून:
तो नई शे.