चार हजार हर्ट्झ

सरावाला कोणाचा तरी कान हवा होता,
म्हणून नायनांना आणलं अशोक चौकातून,
यंत्रमागाची दुसरी पाळी बुडवून.

"आवाज आला की बटण दाबा."
ते बटणाकडेच बघत राहिले,
धोटा अडकल्यासारखे.

चार हजारला रेघ खोल घसरली,
पुस्तकातल्यासारखीच.
बिराजदार मॅडम म्हणाल्या, "छान नमुना."

घरी आम्ही सगळेच ओरडून बोलतो.
मला वाटायचं, तेलुगू अशीच असते.

बाहेर येऊन ते म्हणाले,
"आत लाईट गेल्यासारखं वाटलं गं.
पास झालो का?"

एम.एड.ला शिकवलंय:
उजेडाकडे तोंड, ओठ दिसू द्यायचे, घाई नको.
सकाळीच सात वर्षांच्या ऐमननं
माझ्या गळ्यावर तळवा ठेवून 'म' शोधला होता.

मी खिडकीपाशी उभी राहिले
आणि जन्मात पहिल्यांदा
नायनांशी हळू बोलले.